पॉइंट, प्लग आणि कार्बोरेटर

"जुन्या गाड्या बऱ्या होत्या, रस्त्यात उभं राहून दुरुस्त करता यायच्या." आमच्याकडच्या कुठल्याही लग्नकार्यात बाबा आणि काका एकत्र आले की हे वाक्य येणारच. वाक्य खरंच आहे. फक्त त्या गाड्या रस्त्यात बंदही पडायच्या, हे दोघंही सोयीस्करपणे विसरतात :)

पण गंमत सोडून विचार केला तर प्रश्न उरतोच. तेव्हा गाडीवाल्याला गाडीतलं एवढं का कळायचं, आणि आता आपल्याला बॉनेट उघडून पाणी भरण्यापलीकडे काही का कळत नाही? आपण आळशी झालो हे उत्तर मला पटत नाही. त्यामागे बराच इतिहास आहे.

सुरुवात १९५३ पासून करू. तोवर परदेशी कंपन्या सुटे भाग आणून इथे नुसती जुळणी करायच्या. जनरल मोटर्स तर १९२८ पासून मुंबईत हेच करत होती. सरकारने ठरवलं की गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची असेल तर राहा, नाहीतर निघा. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. उरल्या मोजक्या कंपन्या, त्यात वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर. तिची फियाट ११०० म्हणजेच पुढची पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, आणि मॉडेल वर्षानुवर्षं जवळपास तेच. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा. मग हातातली गाडी टिकवणं हाच एक मार्ग.

आमच्याकडे १९७८ ची पद्मिनी होती. तिच्या देखभालीत सगळ्यात जास्त वेळ खायचे ते डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट. दोन छोटे धातूचे तुकडे, इंजिन फिरेल तसे उघडझाप करणारे. उघडले की प्लगला ठिणगी. प्रत्येक वेळी थोडे जळायचे, म्हणून मधूनमधून पॉलिश पेपरने घासायचे आणि फीलर गेज लावून फट नीट करायची. ही फट बिघडली की गाडी सकाळी चालू व्हायला रडायची.

प्लग म्हणजे तर इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतो तसा बाबा प्लग काढून बघायचे. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी जातंय. मग मोर्चा कार्बोरेटरकडे. जेटमध्ये कचरा अडकला की काढून फुंकर मारायची, बस्स! उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, तेव्हा पंपावर ओलं फडकं. शिवाय ग्रीसिंग, टॅपेट, आणि काही वर्षांनी हेड उतरवून कार्बन खरवडणं. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊस, ही सुट्या भागांची तीर्थक्षेत्रं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रोज काहीतरी करावं लागणं बंद झालं. पण कार्बोरेटर तिलाही होताच. तो गेला धुरामुळे. शहरांची हवा सुधारायची तर धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिशाचं पेट्रोल बंद झालं. कन्व्हर्टर नीट चालायला पेट्रोल-हवेचं प्रमाण अगदी मोजून लागतं. ते स्क्रू पिळून कानाने ठरवता येत नाही, त्याला सेन्सर आणि कॉम्प्युटर लागतो. म्हणजे आपल्या मुलांच्या रक्तात शिसं जाऊ नये यासाठी बाबांचा स्क्रूड्रायव्हर निवृत्त झाला. सौदा वाईट नाही!

आणखी एक. आमच्या घरातल्या बायकांपैकी गाडी शिकली ती माझी मावशी, आणि तीही मारुतीवर. पद्मिनी चालवायला ड्रायव्हिंगबरोबर अर्धा फिटरही व्हावं लागायचं, आणि ते शिकायला गॅरेजमध्ये तिला कोण उभं करणार होतं? न बिघडणाऱ्या गाडीने कितीतरी लोकांना रस्त्यावर आणलं.

मग गमावलं काय? कौशल्य गेलं याचं मला फारसं दुःख नाही. गाडी उघडण्याची मुभा आकसली, याचं आहे. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं कंपनीने स्वतःच्याच सर्व्हिस सेंटरपुरती ठेवली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री हुशार असूनही हात चोळत बसतो. हे नुसतं रडगाणं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा मान्य झाला होता: गाडी विकली की ती गिऱ्हाइकाची, आणि ती कुठे दुरुस्त करायची हे त्याने ठरवायचं.

मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पेपरांत फोटो आले, काकांनी ते सगळ्यांना पाठवले. मलाही वाईट वाटलं. तरी जपायचीच असेल तर मला ती गाडी नको, तिच्या बॉनेटखाली कुणालाही डोकावता यायचं, ती पद्धत हवी.

असो. तुमच्या घरी कुठली गाडी होती? आणि ढकलायला कोण उतरायचं? :)