कोबेची येशिवा आणि आपली शिकण्याची रीत

येरुशलाइमच्या बेत इस्राएल भागात जाऊन आलेल्या वाचकांना मीर येशिवा ठाऊक असेल. दारातून आत डोकावले की पहिल्यांदा जाणवतो तो गलका. शेकडो तरुण एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत असतात, हातवारे करतात, एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात. आपल्यापैकी जे मुंबईच्या शाळा-कॉलेजांत शिकले, त्यांना वाटेल, मास्तर बाहेर गेलेले दिसतात! पण तिथे अभ्यास चालतो तो असाच. ही येशिवा 1941 सालचे काही महिने जपानमधील कोबे शहरात भरत होती, हे मात्र आपल्यातील थोड्यांनाच माहीत आहे.

मीर हे आज बेलारूसमध्ये असलेले एक लहान गाव. तिथली येशिवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झाली. 1939 साली युद्ध पेटल्यावर गुरू आणि विद्यार्थी लिथुआनियात निघून गेले. पुढे तिथेही सोव्हिएत सत्ता आली. 1940 च्या उन्हाळ्यात कोव्हनो शहरातील जपानी उपवाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी निर्वासितांना जपानमार्गे पुढे जाण्याचे परवाने लिहून दिले. त्यांच्या यादीत 2,139 नावे आहेत. डच प्रतिनिधी यान झ्वार्टेंडाइक यांनी कागदावर कुरासाओ बेट हे मुक्कामाचे ठिकाण दाखवून दिले होते. हे कागद हाती घेऊन मीरचे सुमारे तीनशे लोक रेल्वेने सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तेथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात आणि पुन्हा रेल्वेने कोबेला पोहोचले.

कोबे हे 1868 साली परदेशी व्यापाराला खुले झालेले बंदर. बगदादी आणि रशियन यहुदी व्यापारी तिथे आधीपासून राहत होते. हिंदी व्यापाऱ्यांच्याही पेढ्या होत्या. 1940-41 मध्ये या शहरातून सुमारे साडेचार हजार यहुदी निर्वासित गेले. तिथल्या लहानशा यहुदी मंडळाने आणि अमेरिकेतील संस्थांनी त्यांच्या खाण्यापिण्याची सोय पाहिली. मीरचे विद्यार्थी उतरले, त्यांनी जागा मिळवली आणि लगेच गेमारा उघडून बसले. पुढचा परवाना नाही, मागे आईवडिलांची खबर नाही, तरी राव हाइम श्मुएलेविच यांच्या मार्गदर्शनाखाली रोजचा अभ्यास सुरू झाला.

हे इतक्या लवकर कसे जमले, याचे उत्तर त्यांच्या शिकण्याच्या रीतीत आहे. येशिवात दोघांची जोडी असते, तिला हव्रुता म्हणतात. एक जण उतारा मोठ्याने वाचून अर्थ सांगतो, दुसरा लगेच शंका काढतो. मग राशी काय म्हणतात, तोसाफोत काय म्हणतात, यावर दोघे भांडतात. गुरूचा शिऊर असतो, पण शिऊरला येण्याआधी आणि नंतर जोडीदाराशी झुंजावे लागते. समोरचा माणूस प्रश्न विचारणार आहे हे माहीत असले की न समजता पान उलटता येत नाही. अशा शाळेला फळा लागत नाही, परीक्षेचा हॉल लागत नाही. एक पुस्तक आणि दोन माणसे असली की शाळा भरते.

त्याच कोबेत त्या वेळी शिक्षणाची दुसरी रीतही नांदत होती. 1902 साली तेथे सरकारी उच्च व्यापारी विद्यालय निघाले, 1929 साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्यातूनच आजचे कोबे विद्यापीठ उभे राहिले. जपानी विद्यापीठांवर जर्मनीची छाप होती. प्राध्यापकाने व्याख्यान द्यायचे, मुलांनी टिपणे काढायची. त्याच्या जोडीला एका प्राध्यापकाभोवती मोजके विद्यार्थी बसवून चर्चा करायची. जर्मन सेमिनारवरून आलेल्या या वर्गाला जपानी लोक आजही 'झेमी' म्हणतात. आपले मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. त्याचे मुख्य काम सुरुवातीला परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. घोकंपट्टीची आपली सवय थोडी पंतोजींच्या शाळेतून आणि थोडी या परीक्षांतून आली.

येशिवाचे लोक विद्यापीठाच्या विद्येकडे जरा दुरूनच पाहत. परंतु कोबेत त्यांना मदत झाली ती एका विद्यापीठात शिकलेल्या हिब्रू पंडिताची. सेत्सुझो कोत्सुजी यांचा जन्म 1899 साली क्योटोत, शिंतो पुजाऱ्यांच्या घराण्यात झाला. तरुणपणी ते ख्रिस्ती झाले, अमेरिकेत जाऊन हिब्रू शिकले आणि जपानी भाषेत त्यांनी हिब्रूचे व्याकरण लिहिले. निर्वासितांचे परवाने थोड्या दिवसांचेच होते. कोत्सुजींनी त्या वेळचे परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांच्याशी असलेली जुनी ओळख कामी आणली, कोबेच्या अधिकाऱ्यांना भेटून मुदत पुनःपुन्हा वाढवून घेतली. 1959 साली त्यांनी येरुशलाइममध्ये यहुदी धर्म स्वीकारून अव्राहाम हे नाव घेतले. 1973 साली ते जपानमध्ये वारले आणि त्यांचे दफन येरुशलाइमला झाले.

कोबेने येशिवाच्या लोकांपुढे एक असा प्रश्नही टाकला, ज्याचे उत्तर कोणालाच पाठ नव्हते. पृथ्वी गोल आहे, तेव्हा दिवस कुठे बदलतो? जपानमध्ये शनिवार म्हणतात तो खरोखर शब्बाथ आहे का? बने ब्राकचे हझोन इश यांच्या मते ही रेषा येरुशलाइमच्या पूर्वेला 90 अंशांवर, म्हणजे सुमारे 125 अंश रेखांशावर येते. कोबे आहे 135 अंशांवर. जपानची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते कोबेला लागून असलेल्या आकाशी गावातूनच जाते. त्यांच्या हिशेबाने कोबेचा रविवार हाच शब्बाथ ठरला. इतर रब्बींच्या मते स्थानिक शनिवारच बरोबर होता. 1941 चा योम किप्पूर, आपल्या वाडवडिलांचा दारफळणीचा सण, जपानी पंचांगाप्रमाणे बुधवारी 1 ऑक्टोबरला आला. कोबेहून तार गेली. मुख्य रब्बी हर्झोग यांनी बोलावलेल्या सभेने बुधवारी उपास करा असे कळवले, हझोन इश यांनी बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपास धरा असे कळवले. शब्बाथबाबत तर काही जणांनी दोन्ही दिवस काम टाळले. वादातून शिकलेल्या माणसांना दोन थोर पुरुषांचे मतभेद नवे नव्हते. त्यांनी आपापल्या गुरूचे मानले आणि एकाच छपराखाली राहिले.

मीरचे बहुतेक लोक तोवर शांघायला गेले होते. तिथे ते बेथ अहरोन सिनेगॉगमध्ये शिकू लागले आणि युद्ध संपेपर्यंत शिकत राहिले. ग्रंथ कमी पडले तेव्हा त्यांनी तलमूदचे भाग तिथेच छापून घेतले. हे सिनेगॉग 1927 साली सायलस हार्दून यांनी वडिलांच्या नावाने बांधले होते. हार्दून बगदादचे, पण लहानपणी मुंबईत वाढले, डेव्हिड ससून यांच्या धर्मादाय शाळेत शिकले. मुंबईत शिकलेल्या मुलाने बांधलेल्या छपराखाली लिथुआनियाची येशिवा वाचली!

आपण बेने इस्राएल लोकांत येशिवा नव्हती. त्यामुळे आपल्याला अनेकांनी अडाणी ठरवले. पण नीट पाहावे. परंपरा सांगते की दावीद रहाबी आले तेव्हा आपल्याकडे ग्रंथ नव्हते, तरी शेमा, शब्बाथ आणि सुंता होती. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतील तिघांना शिकवले, ते काजी झाले आणि गावोगाव फिरून शिकवू लागले. पुढे कोचीनचे शिक्षक आले. जॉन विल्सन या मिशनरी पंडिताने 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. कोत्सुजींच्या आधी शंभर वर्षे आपल्यालाही परक्या घरचा एक हिब्रू शिक्षक लाभला होता. जोसेफ एझकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या आणि ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. हाइम शमुवेल केहिमकर यांनी 1875 साली इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली, आणि हे कदूरीसुद्धा शांघाय-हाँगकाँगचेच व्यापारी. 1880 च्या सुमारास कीर्तने सुरू झाली, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बायामाणसांनाही मोशे आणि योसेफ आपल्या घरचे झाले.

मात्र एक उणीव होती. काजी सांगत, कीर्तनकार गात आणि आपण ऐकत असू. उलट प्रश्न विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाई. ती कसर आता भरून काढता येईल. आपल्या नातवंडांना हिब्रू येते, मराठी येत नाही. आपली मराठी पक्की आहे, आणि आपली हिब्रू बऱ्याचदा बाजारापुरती. पुण्यात 1874 साली छापलेल्या हग्गादात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषा आहेत. येत्या पेसाहला असे एखादे पुस्तक मध्ये ठेवावे. नातवाने हिब्रू ओळ वाचावी, आपण मराठी अर्थ सांगावा, आणि तो म्हणाला, "आजोबा, असा अर्थ कसा होईल?" तर रागावू नये. कोबेला ती येशिवा अशाच प्रश्नांवर जगली.