सहलीचा गाईड कोणाचा इतिहास सांगतो?

गेल्या महिन्यात पाथर्डीतल्या आमच्या एका कार्यकर्त्याने ग्रुपवर जाहिरात टाकली. गंगेतली आलिशान क्रूझ, काठावरची प्राचीन मंदिरे, सोबत गाईड. खाली लिहिले होते, "दादा, आपण हे कधी बघायचं?" कोणी हसले. कोणी 'मनुवाद्यांची सहल' म्हणून मोकळे झाले. मला दोन्ही उत्तरे पटली नाहीत.

13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' निघाली. 51 दिवस आणि सुमारे 3,200 किलोमीटरचा प्रवास जाहीर झाला होता. अशा बोटीत बसायचा हक्क आपल्या पोरांनाही आहे. तिकीट परवडत नाही, हा एक प्रश्न. पण घाटावर उतरल्यावर गाईड जो इतिहास सांगतो त्यात आपण कुठे असतो, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

गंगा लांब राहिली, आपली गोदावरी घ्या. नाशिकच्या काळाराम मंदिराला 'प्राचीन' म्हणतात. आजची इमारत पेशवाईतली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक तिथे गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली आणि सभा तिथेच झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. लढा काही वर्षे चालला, दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे गोदेचा तो घाट हा आपल्या इतिहासाचाही घाट आहे.

नाशिकलाच त्रिरश्मी डोंगरावर 24 लेणी आहेत. नाव पडले 'पांडवलेणी'. मी गेलो तेव्हा गाईड पांडवांच्या मुक्कामाची गोष्ट सांगत होता. त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर मात्र ब्राह्मी लिपीत वेगळेच कोरलेले आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने भिक्षूसंघाला लेणे दान दिले. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3,000 कार्षापणे ठेवली. त्यातल्या 2,000 च्या व्याजातून वर्षावासातल्या भिक्षूंना चीवरासाठी पैसे मिळायचे. आणि मुगुदास नावाच्या एका 'दासका'ने सहकुटुंब लेणे दान केले. दासक म्हणजे मासेमार, असा अर्थ अभ्यासक लावतात. मासे धरणाऱ्याचे दान आणि राजमातेचे दान एकाच डोंगरावर! ज्या इतिहासात मासेमाराचे नाव दगडावर आहे, तो इतिहास पांडवांच्या नावाखाली झाकला गेला.

आता तिसरी सहल. 1934 मध्ये कार्यकर्त्यांच्या आग्रहावरून बाबासाहेब स्वतः सहलीला निघाले. त्यात वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी पाण्याने भरलेला हौद दिसला. धुळीने माखलेल्या मंडळींनी तोंड-हातपाय धुतले. लगेच ओरडा झाला, ढेडांनी पाणी बाटवले! ओरडणारे मुसलमान होते. महार मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले आणि लोक गप्प झाले. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. 'वेटिंग फॉर ए व्हिसा' मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. जातीचा विटाळ धर्माची वेस ओलांडून जातो, हे त्या हौदाने दाखवले.

आणि पुढे वेरूळला काय आहे? तिथली 1 ते 12 ही लेणी बौद्ध. सुरुवातीच्या लेण्यांना इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत 'ढेडवाडा' म्हटले आहे. पाचव्या लेण्याला आजही 'महारवाडा' म्हणतात. ज्या शब्दाने दौलताबादला हाकलले, तोच शब्द पुढच्या विहारांना चिकटलेला! कैलास लेण्यापाशी गर्दी होते आणि महारवाड्यावरून लोक पुढे निघून जातात. बुद्धाच्या विहाराला गावाने आपली वस्ती का म्हटले, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो आपणच विचारायचा आहे.

म्हणून त्या मित्राला मी लिहिले, सहल करूच. बाबासाहेबांनीही केली. वर्षावास संपला की पाथर्डी, शेवगाव, पैठण, दौलताबाद, वेरूळ. जिथे जाऊ तिथे तीन प्रश्न विचारायचे. हे कोणाच्या श्रमाने आणि दानाने उभे राहिले? इथे कोणाला अडवले होते? आजचे नाव कोणी दिले? उत्तर गाईडकडे नसेल, तर शिलालेखाचे भाषांतर आणि बाबासाहेबांचे पुस्तक आपल्या पिशवीत असेल. पुढे कधी गंगेच्या बोटीत बसलो, तरी हेच तीन प्रश्न सोबत नेऊ.

पहिल्या गाडीत 12 जागा आहेत. त्याने स्वतःचे नाव पहिले लिहिले आहे, आईचे दुसरे.

जयभीम.