गजराला धीर शिकवण्याचा इतिहास



पहाऱ्याच्या इतिहासावरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत पहारा देणाऱ्या माणसांबद्दल बोललो. आज बोलायचंय एका पेटीबद्दल. दुकानात, बँकेत, हल्ली घरातही ती भिंतीवर असते. बाहेर आकड्यांचा कीपॅड, आत सर्किट आणि बॅटरी. हे सिक्युरिटी अलार्मचं कंट्रोल पॅनेल. त्याच्या खोक्यावर 'प्रोग्रॅमेबल' असं छापलेलं असतं. म्हणजे त्यात आपल्याला काय काय ठरवता येतं? आणि ते ठरवायची वेळ का आली? हा आजचा विषय.

सुरुवात अमेरिकेतून करू. ऑगस्टस रसेल पोप हे मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावचे पाद्री. त्यांना २१ जून १८५३ रोजी विजेच्या गजराचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पूर्ण व्हायचं, चुंबकाच्या जोरावर हातोडी हलायची आणि घंटा वाजायची. पुढे १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि त्याचा धंदा उभा केला. या होम्स मंडळींची एक गंमत सांगतो. १८७७ मध्ये बोस्टनला त्यांच्या गजराच्या तारांवरच टेलिफोन जोडून पाहिले गेले. दिवसा त्या तारेवर बोलणं आणि रात्री त्याच तारेवर पहारा!

पण या व्यवस्थेत एक मोठी फट होती. तार कापली की घंटा मुकी. मग उलटा विचार झाला: तारेतून वीज सतत खेळती ठेवायची, आणि ती थांबली की गजर. फौजी माणसाला हे लगेच पटेल. पुढच्या चौकीवरून ठरल्या वेळी फोनवर 'सब ठीक' आलं नाही, तर ती शांतता हीच बातमी असते. चोरही मागे राहिले नाहीत. त्यांनी तारेचा तुकडा मध्ये जोडून वीज परस्पर फिरवायला सुरुवात केली. त्यावर तोड म्हणून तारेच्या अगदी टोकाला एक छोटा रेझिस्टर बसवला गेला. आता पॅनेल फक्त 'वीज आहे की नाही' एवढंच पाहत नाही, 'ठरलेल्या मापाची आहे का' हे पाहतं. तारेचा रोध शून्यावर आला तर कोणीतरी तार जोडली, अमर्याद झाला तर कापली. आजच्या पॅनेलमध्येही हा रेझिस्टर असतो.

इथपर्यंतच्या शंभरेक वर्षांत माणसाने यंत्राला एकच गोष्ट शिकवली: ओरडायला. पुढचा धडा कठीण होता: कधी ओरडायचं नाही.

सीमेवरच्या नोकरीत ट्रिप फ्लेअर नावाच्या साधनाशी माझी चांगली ओळख झाली. जमिनीलगत बारीक तार ताणायची, कोणाचा पाय लागला की लखलखाट. पाय शत्रूचाच असेल असं मात्र नाही. कोल्हा येतो, रानडुक्कर येतं. पहिल्या रात्री सगळी चौकी बंदुका घेऊन उभी राहते. चौथ्या रात्री जवान म्हणतो, "साब, जानवर होगा." घुसखोराला हवी असते ती नेमकी हीच चौथी रात्र. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना उगाच सांगत नाही.

शहरांत तेच झालं. १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली, मायक्रोप्रोसेसर स्वस्त होत गेले आणि ते अलार्मच्या पेटीत शिरले. पूर्वी एखादी गोष्ट बदलायची तर पेटी उघडून जंपर तोडावा लागे किंवा बारीक स्विच फिरवावे लागत. आता कीपॅडवरून आकडे दाबून ते जमू लागलं. प्रत्येक दार-खिडकीला 'झोन' म्हणून वेगळा स्वभाव देता आला. मुख्य दाराला सवलत, म्हणजे आत येऊन कोड दाबायला वेळ. खिडकीला सवलत नाही, हात लागला की हूटर. कॅशियरच्या टेबलाखालचं बटण आणि धुराचा सेन्सर चोवीस तास जागे, पॅनेल बंद असलं तरीही.

अलार्म घरोघरी पोचले आणि खोट्या गजरांचा पूर आला. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत घरफोडीच्या गजरांपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे असल्याचं नोंदवलंय. सॉल्ट लेक सिटी शहराने २००० मध्ये नियमच केला, की आधी कोणीतरी जागेवर जाऊन खात्री करा, मग आमचे पोलीस येतील. गजर वाजतोय आणि पोलीस निघत नाहीत! अलार्मच्या धंद्याला यापेक्षा मोठा इशारा कोणता?

खोट्या गजरांतले बरेचसे चोरांमुळे नव्हे, मालकांच्याच गडबडीमुळे होत. म्हणून तिथल्या उद्योगाने सीपी-०१ नावाचं मानक आणलं. त्यातली कलमं वाचताना माणसांच्या सवयींची यादी वाचतोय असं वाटतं. बाहेर पडायला नेहमीसाठी ६० सेकंद, आत येऊन कोड दाबायला किमान ३०. वेळ संपत आली की बीप जलद होणार. चष्मा विसरला म्हणून परत आत आलात, तर वेळ नव्याने मोजणार. पॅनेल लावलं पण दार उघडलंच नाही, तर माणूस घरातच आहे असं समजून आतले सेन्सर गप्प राहणार. घरफोडीचा गजर झाल्यावर निरोप धाडण्याआधी थोडा अवधी, म्हणजे चूक असेल तर रद्द करता येईल. आगीला मात्र ही सवलत नाही. आणि एखादा बिघडलेला सेन्सर पुन्हापुन्हा बोंब मारू लागला, तर त्याला तेवढ्यापुरतं बाजूला बसवायचं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दबावाखालचा कोड. चोराने मानेवर सुरा ठेवून "अलार्म बंद कर" म्हटलं, तर एक वेगळा आकडा दाबायचा. पॅनेल मुकाट्याने बंद होतं, दिवे तसेच, आवाज नाही. पण तिकडे नियंत्रण केंद्रात निरोप जातो. कॉन्टॅक्ट आयडी या सांकेतिक भाषेत १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग आणि १२१ म्हणजे हाच, दबावाचा संकेत. पूर्वी काही पॅनेलमध्ये नेहमीच्या कोडचा शेवटचा आकडा एकने वाढवला की हा संकेत जाई. ४३२१ ऐवजी ४३२२. बोट घसरलं तरी पोलीस दारात! सीपी-०१ ने ती पद्धत बंद केली, कारण इथला खोटा निरोप सर्वांत महाग. ज्या दिवशी तो खरा असेल, त्या दिवशी कोणाचा तरी जीव त्यावर टांगलेला असतो.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात बहुतेक दुकानांच्या पॅनेलमागे नियंत्रण केंद्र नसतं, असतो ऑटो डायलर. तो आत साठवलेल्या नंबरांना फोन लावतो. निवृत्तीनंतर मी देहरादूनला राहतो. आमच्या वसाहतीतल्या काही पेट्या मी मालकांसोबत बसून पाहिल्या. एका घरात पहिला नंबर परदेशी गेलेल्या मुलाचा, कधीच बंद पडलेला. दुसरा, सोडून गेलेल्या वॉचमनचा. यंत्र चोख होतं, पण हाक रिकाम्या घरात जात होती.

म्हणून मंडळी, तुमच्या पॅनेलबद्दल बसवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कोणत्या दाराला किती सेकंद दिलेत? दबावाचा कोड आहे का, आणि तो घरात कोणाकोणाला माहीत आहे? आणि गजर वाजला, तर पहिला फोन कोणाला जातो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो नंबर तिथेच लावून पाहा. पलीकडून कोणी उचलतं का, ते ऐका. पहारेकरी कितीही हुशार असो, त्याच्या हाकेला ओ देणारा कोणी नसेल तर चौकी रिकामीच म्हणायची.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.