दोन मस्टँग, एक ग्राइंडर आणि बराचसा गंज

शनिवारी सकाळी साडेआठला ग्राइंडरच्या आवाजाने जाग येणं ही काही सुखाची गोष्ट नाही. आदल्या रात्री रिलीज झालेलं असेल तर विचारूच नका. मी ऑनसाइट होतो तेव्हा आम्ही तिघांनी मिळून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये एक घर भाड्याने घेतलं होतं, आणि शेजारच्या गॅरेजमध्ये एक आजोबा दर शनिवारी पत्रा कापत बसायचे. (आजोबा मनातल्या मनात. तोंडावर त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी लागायची, ते मला शेवटपर्यंत जड गेलं.) आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केलेला हा माणूस रिटायर झाल्यावर घरी येऊन काय करतो, तर पुन्हा गाडीच बांधतो!

एकदा तक्रार करायची म्हणून गेलो आणि दुपारी दोनला परत आलो, हातभर काळा होऊन. ती गाडी म्हणजे १९६८ची फोर्ड मस्टँग. म्हणजे तिचा सांगाडा. इंजिन एका कोपऱ्यात, दारं भिंतीला टेकवलेली आणि तळाच्या पत्र्याला एवढी भोकं की खालची फरशी दिसत होती. आपल्याकडे भंगारवाल्याने घासाघीस न करता नेली असती.

त्यानंतरचे बरेच शनिवार मी तिथे बॅटरी धरायला जात असे. त्या काळात जे ऐकलं आणि मग घरी येऊन जे वाचलं, त्याचा हा लेख.

तर मसल कार म्हणजे काय? व्याख्या अगदी सोपी आहे. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात तिला न शोभणारं मोठं इंजिन बसवायचं. ही कल्पना कुठल्याही कंपनीच्या बोर्डरूममध्ये सुचलेली नाही. १९३२ साली फोर्डने स्वस्तातलं व्ही-८ इंजिन आणलं, तेव्हापासून कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्यांची मडगार्डं काढून, इंजिनं सुधारून म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले तरुण त्यात आले. हातात यंत्रांचं काम, खिशात थोडे पैसे. १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने शर्यतींना शिस्त लावण्यासाठी संघटना काढली. म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये गाडी 'कस्टम' करणं आधी आलं, मसल कार नंतर.

कंपन्या यात उतरल्या त्याची गोष्ट आपल्या लोकांना फार आवडेल, कारण ती सरळसरळ एक हॅक आहे. १९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने रेसिंगमधून अंग काढून घेतलं. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असाही नियम होता. त्यांच्याच पाँटियाक विभागात जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी हे इंजिनियर होते. त्यांच्या लक्षात आलं की नियम नव्या मॉडेलला लागू आहे. आधीच मंजूर झालेल्या मॉडेलच्या 'ऑप्शन'ला वरच्यांची परवानगी लागत नाही. झालं! १९६४च्या टेंपेस्ट लमाँ या शहाण्यासुरत्या गाडीला त्यांनी तीनशे डॉलरच्या आतलं एक ऑप्शन पॅकेज जोडलं, त्यात ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन. नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि मग नियमाची आठवण कोणाला राहते? कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक ओळ घालून अख्खं प्रॉडक्ट बदलल्यासारखं आहे हे.

मस्टँगही त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ला आली. (काटेकोर लोक तिला मसल कार म्हणत नाहीत, 'पोनी कार' म्हणतात. पण मोठं इंजिन घातलेल्या मस्टँगला काय म्हणायचं यावर आजोबा आणि त्यांचा मित्र यांच्यात जे भांडण झालं ते मी ऐकलंय, त्यामुळे मी त्यात पडणार नाही. :-))

हा सगळा खेळ जेमतेम दहा वर्षं चालला. विमा कंपन्यांनी तरुण पोरांच्या हप्त्यांचे आकडे असे वाढवले की गाडीपेक्षा विमा महाग वाटावा. १९७०चा हवा प्रदूषणाचा कायदा आला, पाठोपाठ इंजिनांची ताकद उतरवली गेली, आणि ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीने उरलंसुरलं संपवलं. एका रात्रीत या गाड्या म्हणजे पेट्रोल पिणारं लोढणं झाल्या. कोणी कवडीमोलाने विकल्या, कोणी घरामागे सोडून दिल्या. आज गॅरेजमध्ये जो गंज घासला जातो तो बहुतेक त्या सोडून दिलेल्या वर्षांचा आहे.

आणि मिशिगनचा गंज म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ खालून पत्रा खातं. त्यात त्या काळच्या मस्टँगची एक जन्मजात खोड आहे: पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायला जी पोकळी असते, तिच्यात पानं आणि पाणी साचून ती आतून कुजते. वरून रंग चकाचक, आणि पावसात ड्रायव्हरच्या बुटात पाणी. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणजे तळाचा पत्रा कापला की गाडीचा कणाच कापला. आजोबांनी कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून ठेवले होते. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, नाहीतर गाडी मधोमध वाकेल, आणि सगळं जोडून झाल्यावर कळेल की दारच लागत नाही.

अशा वेळी पुटी भरून, घासून, रंग मारून मोकळं होण्याचा मोह प्रचंड असतो. आजोबांच्या सांगाड्यावर आधीच्या कोणीतरी तेच केलं होतं. मागच्या चाकावरच्या पत्र्यातून त्यांनी बोटभर जाड पुटी काढली, आणि तिच्याखाली पत्रा नव्हताच, जाळी होती. असला कोड मीही 'इनहेरिट' केलेला आहे, त्यामुळे मला त्या अनोळखी माणसाचा जरा जास्तच राग आला.

पण गंज काढणं हा कष्टाचा भाग झाला. खरी अडचण पुढे येते: गाडी आणायची कुठल्या रूपात? कारखान्यातून निघाली तशी? की आपल्या मनासारखी? यावर १९६८च्याच दोन मस्टँगची गोष्ट आजोबांनी मला सांगितली, आणि ती खरी आहे का म्हणून मी घरी येऊन तपासली. खरी निघाली.

'बुलिट' हा स्टीव्ह मॅक्वीनचा सिनेमा, ऑक्टोबर १९६८चा, दिग्दर्शक पीटर येट्स. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा जवळजवळ अकरा मिनिटांचा पाठलाग, मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगचा आणि काळ्या डॉज चार्जरचा. त्यासाठी दोन मस्टँग घेतल्या होत्या, एकापाठोपाठच्या नंबरांच्या. चासी नंबरचे शेवटचे आकडे ५५८ आणि ५५९. मॅक्स बाल्चोव्स्की नावाच्या मेकॅनिकने दोन्हींचं सस्पेन्शन मजबूत केलं. उड्या मारायचं काम मुख्यतः ५५९ने केलं. शूटिंग संपेपर्यंत तिची इतकी वाट लागली की ती भंगारात गेली, असं सगळे पन्नासेक वर्षं धरून चालले.

५५८ मात्र विकली गेली. हातं बदलत १९७४ मध्ये ती न्यू जर्सीच्या रॉबर्ट किर्ननने मासिकातली जाहिरात बघून ६,००० डॉलरला घेतली. आणि वापरली कशी? त्याची बायको शिक्षिका होती, ती शाळेत जायची तिने! १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. त्या पत्रात एक गोष्ट आहे जी मला फार लक्षणीय वाटते. त्याला गाडी नवी करून नको होती, सिनेमात होती तशीच ठेवायची होती. किर्ननने दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला, गाडी उभी राहिली ती राहिलीच. पुढे बाप-लेकांनी तिच्यावर काम करायचं ठरवलं, पण वडिलांना पार्किन्सन झाला. ते २०१४ मध्ये गेले. मग मुलाने, शॉनने, ती चालू केली. इंजिन दुरुस्त केलं, पण रंगाला हात लावला नाही. उडालेला हिरवा रंग, गंज, पोचे, शूटिंगच्या वेळी केलेल्या जोडकामाच्या खुणा, सगळं तसंच. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये ती जगासमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने २६ कोटींच्या वर.

आता ५५९. ती मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियात सापडली. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, अंगावर पांढरा रंग. एका गाड्या रंगवणाऱ्याने दोन जुन्या मस्टँगचे सांगाडे घेतले होते, त्यातला हा एक. आणि तो तिची 'एलिनॉर' बनवणार होता. २००० सालच्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'मधली ती करड्या रंगाची मस्टँग आठवते? त्या सिनेमानंतर जगभर लोकांनी जुन्या मस्टँग कापून एलिनॉर केल्या. (त्यावरून कॉपीराइटचे खटलेही झाले. एलिनॉर हे कॉपीराइट मिळणारं 'पात्र' नाही, असं अमेरिकेतल्या अपील कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं.) काम सुरू करायच्या आधी चासी नंबर शोधला गेला आणि तिथेच सगळं थांबलं. फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी ज्याच्याकडे आहेत त्या केविन मार्टीने २०१७ मध्ये मेक्सिकोत जाऊन गाडी तपासली आणि हीच ती, असं सांगितलं. सस्पेन्शनच्या मजबुतीकरणाच्या खुणा पत्र्यात अजून होत्या.

मला यात त्या रंगवणाऱ्याला हसावंसं वाटत नाही. तो वाईट काम करत नव्हता. भंगारातून एक सुंदर गाडी उभी करणार होता. मसल कारचा जन्मच मुळात असल्या उद्योगातून झालाय, आणि 'बुलिट'ची गाडी तरी कुठे कारखान्यातून निघाली तशी होती? बाल्चोव्स्कीने कापून जोडलेलीच होती ना? म्हणजे कस्टमचं कस्टम करायला निघाला होता, इतकंच. फक्त खालच्या थरावर काय लिहिलंय ते कापण्याआधी कोणीतरी वाचलं म्हणून ती वाचली.

आजोबांनीही वाचलं होतं. मार्टीकडे पैसे भरले की १९६७पासूनच्या फोर्डचा जन्मदाखला मिळतो: कुठल्या कारखान्यात बनली, रंग कोणता, इंजिन कोणतं. त्यांच्या गाडीत सिनेमाबिनेमा काही नव्हतं. साधी सहा सिलिंडरची गाडी, आणि मूळ रंग फिकट पिवळा. हा त्यांना अजिबात आवडत नव्हता. त्यांच्या मुलाचं म्हणणं, नवं व्ही-८ घाला, हिरवा रंग मारा, कोणाला काय फरक पडतो! आजोबांना फरक पडत होता, पण का ते त्यांना सांगता येत नव्हतं. दाराच्या आतल्या कडेवरची रंगाचा कोड असलेली छोटी पट्टी त्यांनी घासताना दोनदा टेप लावून झाकली, हे मी पाहिलंय.

मी परत आलो तेव्हा तळाचा नवा पत्रा बसला होता, दारं व्यवस्थित लागत होती आणि गाडी प्रायमरच्या करड्या रंगात उभी होती. गेल्या डिसेंबरमध्ये त्यांचा मेल आला, सोबत एक फोटो. सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर बसलंय. गाडी अजून करडीच आहे.