टोपोलिनो : कुर्ल्यातील पहिली छोटी फियाट

मुंबईतील काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा फियाटच्या आठवणींना पूर आला. मात्र कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट आली ती पद्मिनीच्या कितीतरी आधी आणि एका चिमुकल्या दोन आसनी गाडीच्या रूपाने. फियाट ५००, लाडके नाव ‘टोपोलिनो’!

ही गाडी इटलीत १९३६ मध्ये बाजारात आली. तिचे रचनाकार होते तरुण अभियंता दान्ते जिआकोसा. टोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर. इटालियन मुले मिकी माउसलाही याच नावाने ओळखतात. ५६९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, १३ अश्वशक्ती आणि ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेग. इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, काहीसा उंचावर. त्यामुळे पाण्याचा पंप लागत नसे. तापलेले पाणी आपोआप वर चढे आणि थंड होऊन खाली येई. पेट्रोलही पंपाविनाच उतरे. काटकसरीची ही युक्ती आजही थक्क करते.

तरीही ती स्वस्त होती का? पाच हजार लिरांत गाडी देण्याचा संकल्प होता; प्रत्यक्षात किंमत ८,९०० लिरा ठेवावी लागली. कुशल कामगाराच्या सुमारे २० महिन्यांच्या वेतनाएवढी!

मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटार कारखान्यासाठी १९४० च्या सुमारास अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली. ब्रिटिश सरकारने मात्र पाठबळ नाकारले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन झाली आणि १९५१ मध्ये कुर्ल्यात फियाट ५०० ची जुळणी सुरू झाली.

अडचण होती ती आसनांची. आजी-आजोबा, मुले आणि सामानासह निघणाऱ्या मराठी कुटुंबाला दोन जागा कशा पुरणार? मुख्यालयापर्यंत रेल्वे पोहोचायला २०२५ उजाडलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात तर सारी मदार रस्त्यावरच होती. चार दरवाजांची फियाट ११०० कुर्ल्यात १९५४ मध्ये आली आणि घरोघरी मागणी तिलाच राहिली. तिच्याच वंशातील गाडीला सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत टोपोलिनोचे उत्पादन १९५५ मध्ये थांबले. तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.