सौंदर्योपचार प्रशिक्षण आणि ग्रामीण स्त्री : उंबरमाळी परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कल्याण-कसारा लोहमार्गावर खर्डी व कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे शहापूर तालुक्यातील स्थानक आहे. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी जमातींची वस्ती असलेल्या या तालुक्याने मुंबईला पाणी पुरविले आणि मजूरही पुरविले. या परिसरातील दहावी उत्तीर्ण मुलीला सौंदर्योपचाराचे शिक्षण स्वतंत्र उपजीविका देऊ शकते काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

केशकर्तन हे बलुतेदारी व्यवस्थेत नाभिक समाजाचे जातिनिष्ठ काम होते. ते आवश्यक मानले जाई. परंतु त्यास प्रतिष्ठा नव्हती. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. स्त्रीच्या केसांचा प्रश्न हा तिच्या मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

दुसरा धागा स्त्रियांच्या व्यावसायिक शिक्षणाचा आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचर्येच्या शिक्षणास चालना दिली. परक्या व्यक्तीच्या शरीराची सेवा हलकी मानणाऱ्या समाजात शिस्तबद्ध प्रशिक्षणामुळे या व्यवसायास मान मिळाला. सौंदर्योपचाराच्या बाबतीत हाच दाखला मार्गदर्शक ठरतो.

संस्थात्मक वाटचाल :

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील सौंदर्योपचाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम याच परंपरेतील आहे. मुंबईत १९६७ मध्ये पहिले श्रमिक विद्यापीठ स्थापन झाले. पुढे या संस्थांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले. सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना १९९५ मध्ये पुदुच्चेरी येथे प्रत्यक्षात आली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून तिला योजनेचे रूप दिले. स्थानिक गरज, अल्प शुल्क व कामातून शिक्षण ही तिची सूत्रे होत.

विश्लेषण :

त्वचेची रचना, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, केसांना रंग लावण्यापूर्वी त्वचेवर घ्यावयाची चाचणी या बाबी शास्त्रशुद्ध शिक्षणाविना कळत नाहीत. केवळ पार्लरमध्ये पाहून शिकलेली मुलगी व प्रशिक्षित मुलगी यांच्यातील भेद येथेच आहे. तथापि प्रमाणपत्र म्हणजे उपजीविका नव्हे. गावात लग्नसराई सरली की मागणी ओसरते. वर्षभराचे ग्राहक कल्याणच्या बाजूस आहेत. रोजचा लोकल प्रवास, सरावाचे साहित्य आणि दुकानाचे भांडवल यांचा भार मुलीच्या कुटुंबावर पडतो. आदिवासी कुटुंबात हा भार शिक्षण अर्धवट सुटण्यास पुरेसा ठरू शकतो.

निष्कर्ष :

जातीने ठरविलेले काम शिक्षणाने निवडलेला व्यवसाय बनणे, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा बदल आहे. त्याचा लाभ उंबरमाळीपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर अभ्यासक्रमासोबत प्रवासखर्च, साहित्य व प्रारंभिक भांडवल यांची तरतूद व्हावयास हवी. अन्यथा पाणी व मजूर यांच्याप्रमाणे या परिसरातील कौशल्यही केवळ शहराच्याच कामी येईल.