आतिरा : एका हाकेचे विशेषनाम

दैवतकोशांत ‘आतिरा’ या नावापुढे ठरलेली ओळ सापडते : पॉनी लोकांची भूदेवी, आकाशस्थ तिरावाची पत्नी. अनुवादक म्हणून माझे या ओळीशी भांडण आहे. पॉनी भाषेत ‘आतिरा’ म्हणजे आई. ती हाक आहे. कोशकारांनी तिचे विशेषनाम केले.

या शब्दाचा मोठा आधार म्हणजे ‘हाको’ हा १९०४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. ॲलिस फ्लेचर यांनी पॉनी अभ्यासक जेम्स म्युरी यांच्या मदतीने तो सिद्ध केला. सांगणारे होते चावी शाखेतले वृद्ध विधिज्ञ ताहिरुस्सवीची. त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून मग लिहून काढली. हाको हा दोन परक्या गटांना बाप-लेकाच्या नात्यात बांधणारा विधी, आणि त्यात ‘ह-आतिरा’ म्हणतात ते मक्याच्या एका पांढऱ्या कणसाला. आरंभीचा ‘ह’ हा श्वास : प्राण फुंकणारी आई. कणसाचे टोक निळे रंगवतात, ते आकाश. तिथून चार निळ्या रेघा खाली उतरतात, त्या वरच्या शक्तींच्या वाटा. दुसऱ्या गटाकडे जाताना वाट दाखवते ती हीच माय. जमिनीसाठी त्याच विधीत वेगळा शब्द आहे, ‘ह-उरारू’. मराठीत ‘काळी आई’ लिहायचा मोह मलाही होतो. पण तसे लिहिले की माती उरते, कणीस हरवते.

आणि ही कणसे पिकत होती नेब्रास्कात, प्लॅट आणि लूप नद्यांकाठी, गव्याच्या खांद्याच्या हाडाच्या कुदळीने बायकांनी कसलेल्या शेतांत. १८७०च्या दशकात पॉनींना ते सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. म्हणजे ताहिरुस्सवीची सांगत होते ते विस्थापनानंतर. ऐकणाऱ्या फ्लेचरबाई तर आदिवासींची सामाईक जमीन तुकडे पाडून व्यक्तींच्या नावे करण्याच्या पुरस्कर्त्या. ओमाहा आणि नेझ पर्स लोकांची वाटणी त्यांनी स्वतः केली होती. पॉनींची जमीनही १८९०च्या दशकात तशीच वाटली गेली. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, म्हणूनच ते जास्त बोचते.

ओक्लाहोमाच्या मातीत जुनी वाणे नीट रुजेनात. पॉनी घरांनी मूठमूठ दाणे मात्र जपून ठेवले. या शतकाच्या आरंभी त्यातले काही नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांच्या हाती दिले गेले, आणि गरुडाचा आकार अंगावर मिरवणारा ‘ईगल कॉर्न’ जुन्या भूमीत पुन्हा कणसाला आला.